पूर येण्याआधीच निधी उभा करा: कोल्हापुरातल्या सेवा क्लबसाठी मिसळ-कूपन ते किट वाटप

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी गाठतं आणि 43 फुटांना धोका पातळी. यातलं अंतर अवघं चार फुटांचं. या चार फुटांत क्लबची सभा बोलवायची, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन टाकायचं, पैसे गोळा करायचे, साहित्य खरेदी करायचं आणि टेम्पो शोधायचा, हे होत नाही. त्या आठवड्यात शहरातला प्रत्येक क्लब, मंडळ आणि तालीम हेच करत असते. म्हणून बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे एकाच गावात तीन-तीनदा जातात. चौथ्या दिवशी घरातला चिखल काढायला मात्र कुणाकडे खराटा नसतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर हे शिरोळ तालुक्यापासून प्रयाग चिखलीपर्यंत सगळीकडे दिसलं.

रोटरी, लायन्स, जायंट्स किंवा पेठेतलं एखादं सेवा मंडळ, तीस-चाळीस सभासद असले की पुढचं काम होतं. ठरवायचं एवढंच: निधी एप्रिलमध्ये, खरेदी मे-जूनमध्ये, 26 जूनच्या शाहू जयंतीआधी किट गोदामात आणि वाटप पाणी ओसरल्यावर.

आधी काय द्यायचं ते ठरवा, मग किती गोळा करायचं ते

“पूरग्रस्तांसाठी मदत” असं मोघम उद्दिष्ट घेऊन बाहेर पडलात तर देणगीदार शंभर रुपये देतो आणि विसरतो. “एका घराचं स्वच्छता किट, 1,000 रुपये” म्हटलं की तो दोन किटचे देतो. पाणी चढत असताना जेवण आणि निवारा प्रशासन व मोठ्या संस्था सांभाळतात. लहान क्लबने पूर ओसरल्यानंतरचा आठवडा धरावा, कारण तिथेच हात कमी पडतात.

एका घराच्या किटमध्ये हे असावं:

- झाकणाची 20 लिटरची प्लॅस्टिक बादली आणि मग (बाकी सगळं याच बादलीत भरायचं, वेगळी पिशवी लागत नाही)
- खराटा 1, रबरी हातमोजे 2 जोड
- फिनेल 1 लिटर, धुण्याची पावडर 1 किलो
- कपड्यांचा साबण 4, अंगाचा साबण 4
- सॅनिटरी पॅडची 2 पाकिटं
- चादरी 2
- ब्लीचिंग पावडर 500 ग्रॅम (ही आत्ता भरायची नाही, का ते पुढे येतंच)

घाऊक दराने हे सगळं 900 रुपयांच्या आसपास बसवता येतं. दर लक्ष्मीपुरीत किमान तीन दुकानांतून लेखी घ्या. फावडी, घमेली आणि गमबूट घरटी देऊ नका. दर दहा घरांमागे 2 फावडी, 4 घमेली, 2 जोड गमबूट असा सामायिक संच द्या आणि तो गल्लीतल्या तालमीच्या किंवा महिला बचत गटाच्या ताब्यात ठेवा. घरटी दिलेली फावडी पंधरा दिवसांनी कोपऱ्यात पडून असतात. दुसऱ्या गल्लीत मात्र हाताने चिखल उपसणं चालू असतं.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड या किटमध्ये कधीही घालू नका. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद, ओल्या घरात झाडलोट करणाऱ्या बाईचा त्याने श्वास कोंडतो. कुणी देणगीत अशा बाटल्या दिल्या तर आभार मानून शाळेला किंवा समाजमंदिराला द्या, किटमध्ये नको.

आता हिशेब. 300 किट गुणिले 900 म्हणजे 2,70,000. वाहतूक आणि साठवण 20,000. साधारण दहा टक्के वाढीव तरतूद 30,000, कारण जुलैत दर चढतात. बेरीज 3,20,000. कूपनवर, पत्रकावर, स्टेजवर सगळीकडे हाच एक आकडा छापायचा.

परवानग्या आणि खाती

बहुतेक क्लबचा स्वतःचा वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट असतो. 80-जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असते ती त्या ट्रस्टला, क्लबला नव्हे. पावती ट्रस्टच्याच नावाने फाडा. ट्रस्ट नसेल तर धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खाली वर्गणीची तात्पुरती परवानगी काढा. गणेशोत्सवात मंडळं काढतात तीच ही. आणि मुदतीत हिशेब सादर करा, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच टेबलावर अडकाल.

सभासदांची वर्गणी आणि लोकांकडून गोळा केलेला पैसा, यांची खाती वेगळी. लायन्सच्या नियमात हे स्पष्टच आहे, बाकीच्यांनीही पाळावं. पदग्रहण समारंभाचा हार आणि जेवण सेवाकार्याच्या खात्यातून गेलं की पुढच्या वेळी कुणी दारात उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

देणगीदारांना या गोष्टी आधीच सांगा, नंतर वाद होतात:

रोख 2,000 रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला 80-जीची वजावट मिळत नाही. वस्तूरूपाने दिलेल्या मदतीलाही नाही. तेलाचा डबा देणाऱ्या दुकानदाराला आभारपत्र द्या, 80-जीची पावती नको. मिसळीच्या कूपनचे पैसे ही देणगीच नव्हे, त्याबदल्यात माणूस खाऊन गेलेला असतो. ज्यांना वजावट हवी त्यांचा पॅन, पूर्ण नाव आणि पत्ता त्याच दिवशी लिहून घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर ट्रस्टला देणग्यांचं विवरण भरावं लागतं. त्या वेळी पॅनसाठी दीडशे फोन करण्याची पाळी येऊ देऊ नका.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत फार काटेकोर राहा. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाचा बँकेतून स्वतःच्या बचतीचे पैसे पाठवत असेल तर हरकत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे मात्र परदेशी योगदान ठरतात. एफसीआरए (परदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या ट्रस्टने ते घ्यायचे नाहीत, मग काका कितीही मूळचे मंगळवार पेठेतले असोत.

कूपनवर लकी ड्रॉ ठेवायचा मोह होतो. टाळा. पैसे घेऊन विकलेल्या तिकिटावर सोडतीने बक्षीस देणं लॉटरीच्या कायद्यात अडकतं.

यूपीआयचा क्यूआर कोड ट्रस्टच्या चालू खात्याचाच हवा. खजिनदाराच्या वैयक्तिक नंबरवर “तात्पुरते” पैसे घेणं हे क्लबमधल्या भांडणांचं एक मोठं मूळ आहे. कोड छापण्याआधी एक रुपया पाठवून स्क्रीनवर कुणाचं नाव दिसतं ते पाहा.

मिसळ का, आणि तिच्यातून किती मिळतं

संगीत रजनी, मॅरेथॉन, नाटकाचा प्रयोग यांत आगाऊ पैसा अडकतो. रविवार सकाळच्या मिसळीला कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण भ्रम नको. 100 रुपयांची 1,000 कूपनं खपली तर जमा 1,00,000. खर्च साधारण 60,000, त्यातला 35,000 चा माल (फरसाण, ब्रेड, तेल, मंडप) प्रायोजकांकडून आला तर हातून 25,000 जातात आणि 75,000 उरतात. तीन लाख वीस हजारांतले हे पाऊणच लाख. उरलेले 2,45,000 थेट देणगीतून आणायचे: 5,000 देणारे 20 जण म्हणजे एक लाख, आणि “एक घर, एक किट” म्हणून 1,000 रुपयांचे 145 किट.

मग मिसळीचा खटाटोप कशाला? कारण ती हजार माणसं मैदानावर येतात, उघडी ठेवलेली किटची बादली पाहतात आणि त्यातलीच शंभरेक किटचे पैसे देतात. म्हणून नमुना किट मंडपाच्या दारातच मांडा आणि क्यूआर कोड तिथेच लावा, स्टेजमागे नव्हे.

मोठी रक्कम हवी असेल तर शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी) जाता येतं. पण त्यासाठी ट्रस्टची सीएसआर-1 नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा इतिहास लागतो, आणि कंपन्यांचं वर्षाचं नियोजन आधीच झालेलं असतं. उद्यमनगरातल्या लहान कारखानदाराला सीएसआरचं बंधन नसतं, तरी मोठी रक्कम अनेकदा तिथूनच येते. त्याला फाइल नको असते, ओळखीचा माणूस आणि किटचा भाव हवा असतो.

तारीख ठरवताना जोतिबाची चैत्र यात्रा आणि फुटबॉलचा मोठा सामना असलेला रविवार सोडा. मे महिन्यात लग्नं आणि सुट्ट्या. जोतिबाच्या यात्रेनंतरचा पहिला मोकळा रविवार उत्तम.

कूपन

25 कूपनांची पुस्तकं, प्रत्येकावर क्रमांक आणि स्थळप्रत. पुस्तक देताना नोंदवहीत सही, परत येताना सही. न खपलेली कूपनं गुरुवारी संध्याकाळपर्यंत परत, शुक्रवारी माल सांगायचा असतो. “खपतील की रविवारी” म्हणणारा सभासद प्रत्येक क्लबात असतो. त्याच्या पुस्तकातली गुरुवारपर्यंत न आलेली कूपनं खपली असं धरून पैसे त्याच्याकडून घ्यायचा नियम आधीच ठरावात लिहा. एकदा लिहिला की वापरावा लागत नाही.

कूपनच्या मागे उद्देश नेमका छापा: “पूर ओसरल्यानंतरच्या स्वच्छता किटसाठी. 30 सप्टेंबरपर्यंत वाटपाची गरज न पडल्यास टिकणारं साहित्य पुढील पावसाळ्यासाठी राखीव, बाकीचं शाळा-वसतिगृहाला.” ही एक ओळ नसली आणि त्या वर्षी पूर आला नाही, तर ऑक्टोबरात निधीचं काय करायचं यावर चार गट पडतात.

हजार ताटल्यांचं प्रमाण

एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी असलेला केटरर घ्या, नोंदणीचा क्रमांक कूपनवर टाका. सभासदांनी वाढावं, शिजवू नये. आचाऱ्याशी बोलताना तुमच्याकडे आकडे असले की माल वाया जात नाही:

- कोरडी मटकी 40 किलो (मोड आल्यावर दुपटीहून थोडी जास्त भरते)
- फरसाण-शेव 50 किलो
- ब्रेडच्या स्लाइस 3,000
- कांदा 30 किलो, लिंबं 275, कोथिंबीर 40 जुड्या
- तेल 25 लिटर, सुकं खोबरं 10 किलो, कांदा-लसूण चटणी 10 किलो, मीठ 5 किलो
- कट 300 लिटर (पहिला वाडगा आणि वरून एकदा)
- पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरचे 20 जार
- व्यावसायिक गॅस सिलिंडर 19 किलोचे 3, वर एक राखीव. घरगुती सिलिंडर मंडपात आणू नका

मटकी शनिवारी सकाळी सहाला भिजत घाला, दुपारी दोनला उपसा, रविवारी पहाटे चारला शिजायला टाका. एप्रिलच्या उकाड्यात यापेक्षा आधी भिजवली तर मोडांना वास मारतो. आणि सगळी मटकी एका ढिगात बांधू नका. ढिगाच्या आत उष्णता साठते आणि मधली मटकी आंबते. भिजलेल्या मटकीची पाच-पाच किलोची गाठोडी बांधा, हवेशीर जागी टांगा, रात्री एकदा उलटवा.

दहाच्या सुमाराला कट संपत आला की कुणीतरी पातेल्यात पाणी ओततं आणि शेवटच्या दोनशे लोकांना लाल पाणी मिळतं. तेच दोनशे जण गावभर सांगतात. त्यापेक्षा भाजलेलं वाटण आणि तेलाची फोडणी मिळून वीस लिटर घट्ट मसाला बाजूला ठेवायला सांगा, सोबत उकळतं पाणी. दहा मिनिटांत नवा कट उभा राहतो. एकूण कटापैकी तिसरा हिस्सा कमी तिखट ठेवा. मुलं येतात, आणि पुण्याचे पाहुणेही.

गर्दी सात ते अकरा अशी सारखी येत नाही. निम्मी माणसं साडेआठ ते दहा या दीड तासात येतात, म्हणजे मिनिटाला पाच-सहा ताटल्या. एका टेबलावर मिनिटाला तीन निघतात, म्हणून दोन टेबलं अगदी काठावर पुरतात, तीन ठेवा. कांदा-लिंबू आणि ब्रेड वेगळ्या टेबलावर, लोकांनी आपलं घ्यावं. कूपन दारावर फाडायचं, वाढपाच्या टेबलावर नव्हे, नाहीतर रांग तिथेच तुंबते. स्टीलच्या 400 ताटल्या-वाडगे मंडपवाल्याकडून भाड्याने आणा आणि धुण्याच्या दोन टाक्या लावा. प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात बंदी आहे, सेवेच्या कार्यक्रमात दंडाची पावती फाडून घेणं बरं दिसत नाही. पार्सल फक्त स्वतःचा डबा आणणाऱ्याला.

मैदान महापालिकेचं असेल तर भाडं आणि अनामत, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी आणि पार्किंगसाठी वाहतूक शाखेला पत्र. तिन्ही किमान पंधरा दिवस आधी.

दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे. मोजणी तिथेच, तिघांसमोर, नोटांच्या किमतीनुसार कागदावर लिहून सह्या. रक्कम सोमवारी बँकेत. त्या रोख रकमेतून आचाऱ्याचं बिल भागवू नका. जमा पूर्ण दाखवायची आणि खर्च चेकने. लेखापरीक्षकाला हेच हवं असतं.

खरेदी आणि साठवण

मे महिन्यात दर पक्के करा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माल घ्या. एकच अपवाद ब्लीचिंग पावडरचा. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो. जूनमध्ये भरलेली पावडर ऑगस्टमध्ये निव्वळ चुना उरते. विक्रेत्याशी फक्त दर आणि प्रमाण लिहून ठेवा, उचल पाणी 43 फुटांवर गेल्यावर करा. दुकान पाण्यात जाणाऱ्या भागात नसेल हे आधी बघा.

गोदामही तसंच. शाहूपुरी, दुधाळी आणि जयंती नाल्याच्या आसपास फुकट मिळालेली जागा महाग पडते. राजारामपुरीचा उंच भाग किंवा सागरमाळ बरा. शिरोळ तालुक्यात काम करायचं असेल तर निम्मे किट आधीच जयसिंगपूरला नेऊन ठेवा. 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, तेव्हा शहरातला माल शहरातच राहिला. किट जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब.

वाटप

टेम्पो चौकात उभा करून वाटलं की पुढची धडधाकट माणसं दोन-दोन बादल्या नेतात आणि गावाच्या टोकाची म्हातारी रिकाम्या हाताने परतते. आधी गाव निवडा, मग यादी करा. ग्रामसेवक आणि तलाठ्याकडून यादी घ्या, पण आशा सेविका आणि अंगणवाडी सेविकेकडून ती तपासून घ्याच. सरकारी यादीत घरमालक असतो. भाड्याने राहणारे आणि ऊसतोडीनंतर गावात थांबलेली कुटुंबं तिच्यात नसतात. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवा, म्हणजे त्याच गावात दुसरी संस्था जात असेल तर समजेल.

आदल्या दिवशी घरोघरी क्रमांकाचं टोकन, दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात टोकनवर किट. प्रत्येक बादलीत मराठीत छापलेलं एक कार्ड घाला. त्यावर एवढंच:

पंचनामा होण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि खराब झालेल्या सामानाचे फोटो काढा, मगच घर धुवा. सानुग्रह अनुदानासाठी ते लागतात. ओल्या भिंतीतलं मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका. पाण्याची टाकी आधी रिकामी करून घासा, मग भरा. 1,000 लिटर स्वच्छ पाण्याला ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा. बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरची निवळ टाकीत ओता आणि तासभर थांबून पाणी वापरा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुरानंतर ताप आला तर अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रात जा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो.

गोळ्या-औषधं क्लबने वाटू नयेत, ते आरोग्य खात्याचं काम आहे. फोटो हवाच असेल तर रचलेल्या बादल्यांचा काढा. बादली घेणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पाच पदाधिकारी उभे असलेला फोटो पुढच्या निधीला उपयोगी पडत नाही, पडतो असा फक्त पदाधिकाऱ्यांचा समज असतो.

हिशेब

वाटपानंतर पंधरा दिवसांत एका पानावर: किती कूपनं छापली, खपली, परत आली. जमा रोख, यूपीआय, चेक. वस्तूरूप मदत कुणाकडून आणि अंदाजे किमतीची. किती किट कोणत्या गावात, किती शिल्लक आणि कुठे. हे पान प्रत्येक देणगीदाराला पाठवा, ज्या गावात वाटप झालं तिथल्या ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. तिथे लावलं की खोटा आकडा टिकत नाही.

पूर आलाच नाही तर ऑक्टोबरमध्ये गोदाम उघडा. रबरी हातमोजे चिकटलेत का पाहा, सॅनिटरी पॅडवरची मुदत तपासा, पावसाळ्याच्या दमटपणात चादरींना आलेला वास उन्हात घालवा. हातमोजे आणि पॅड त्याच वर्षी शाळा किंवा वसतिगृहाला द्या आणि पुढच्या खरेदीत तेवढेच धरा. ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी कार्यावर लावावे लागतात, त्यामुळे बँकेत काही रक्कम उरली असेल तर ती पुढे कशी न्यायची हे सीएला मार्चच्या शेवटी नव्हे, डिसेंबरातच विचारा.